तीन स्प्रिंगा, एक पेटी

आमच्या घरची पेटी 440 ला लागत नाही. मोबाइलवरचा ट्यूनर लावून पाहिलं तर तिचा 'ए' 430 च्या आसपास येतो. सुरांच्या भाषेत चाळीसेक सेंट उतरलेली. आण्णांना याची कधी अडचण झाली नाही, कारण पाटणच्या भजनी मंडळात सगळे पेटीला धरूनच गातात. अडचण मला झाली. गेल्या आषाढात ते म्हणाले, "एकादशीला ये की गिटार घेऊन. नुसता खोलीत काय वाजवत बसतोस?" मी पुण्याहून गिटार घेऊन आलो, तारा लावल्या, पहिला अभंग सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात आण्णांनी भाता थांबवला. "आरं, तुझी तार चढलीया का आमची पेटी उतरलीया?"

साधी गिटार असती तर सहा खुंट्या थोड्या सैल केल्या की काम झालं असतं. माझी स्ट्रॅटोकास्टर घाटाची आहे, म्हणजे तिचा ब्रिज झुलता आहे. सहावी तार उतरवली की पहिली चढलेली सापडायची. पहिली परत लावली की तिसरी हललेली. त्या रात्री मी गिटारच्या पाठीवरचं झाकण पहिल्यांदाच उघडलं.

आत एक लोखंडी पंजा, त्याला पाच आकडे. समोर ब्रिजखालचा जाड ठोकळा, त्याला पाच भोकं. दोन्हींच्या मधे ताणलेल्या तीन स्प्रिंगा. पंजा लाकडात दोन लांब स्क्रूंनी धरलेला. बस, एवढंच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जे फ्री बॉडी डायग्राम काढून काढून कंटाळलो होतो, ते इथं पितळी स्क्रूला टेकून बसलं होतं. वरून सहा तारा ब्रिजला पुढे ओढतात. नऊच्या गेजचा संच असेल तर तो ओढा एकूण साधारण 38 किलोंचा. खालून स्प्रिंगा ठोकळ्याला उलट फिरवतात. दोन्ही फिरवण्या बरोबरीच्या झाल्या की ब्रिज तरंगतो. दांडी दाबली की तारा सैल होऊन सूर उतरतो, सोडली की स्प्रिंगा त्याला जागेवर आणतात.

ही मांडणी लिओ फेंडर यांच्या कंपनीची. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरबरोबर ती बाजारात आली आणि तिचं पेटंट 1956 मध्ये मिळालं. फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. सूर खाली-वर करणारी दांडी त्यांच्या आधीही होती. त्यांचे जुने भागीदार डॉक कॉफमन यांनी 1929 मध्येच तशा एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि पॉल बिग्जबी यांची एकाच स्प्रिंगवर बसणारी दांडी पन्नाशीच्या सुरुवातीला लोकप्रिय होत होती. फेंडर यांचं पहिलं डिझाइन तर फसलं. त्यात सूर टिकत नव्हता, तार छेडली की लगेच मरायची. तयार केलेली हत्यारं-साचे टाकून देऊन त्यांनी नव्यानं सुरुवात केली, आणि मग तो जड पोलादी ठोकळा आला. पोलादाच्या वस्तुमानामुळे तार गात राहते. कारखान्यातून त्यांनी पाच स्प्रिंगा देऊ केल्या. किती ठेवायच्या हे वाजवणाऱ्यावर.

नावात मात्र त्यांनी घोळ घातला. ट्रेमोलो म्हणजे आवाजाचं लहान-मोठं होणं, आणि सूर हलणं म्हणजे व्हायब्रॅटो. फेंडर यांनी गिटारवरच्या व्हायब्रॅटोला ट्रेमोलो म्हटलं आणि अॅम्प्लिफायरमधल्या ट्रेमोलोला व्हायब्रॅटो. सत्तर वर्षं झाली, जग तेच म्हणतंय. या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ थरथरणं, कापणं. आमच्या तालुक्यात 'हाललं' एवढं म्हटलं तरी जुनी माणसं आधी 11 डिसेंबर 1967 ची पहाट सांगायला घेतात, कोयनेच्या भूकंपाची. त्यामुळे मी घरात या यंत्राला दांडीच म्हणतो.

पण सूर हलवायची ही हौस मुळात कुणाला आणि का? उत्तर शोधायला मला फुलर्टनला जावं लागलं नाही, कऱ्हाडवरून खाली सांगलीच्या बाजूला सरकलो तरी पुरलं. पडदे किंवा पट्ट्या असलेल्या प्रत्येक वाद्याची एकच तक्रार असते: दोन सुरांच्या मधली जागा बंद. पेटी आपल्याकडे आली, नाटकात आणि भजनात रुजली, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला, तरी तिच्यातून मींड निघत नाही हा आक्षेप कायम राहिला. 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली ती 1971 मध्ये उठली, तीही अंशतःच.

आणि त्याही आधी आमच्याच भागात एका माणसानं हा प्रश्न यंत्रानं सोडवायचा प्रयत्न केला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेची लांबी मोजून मोजून बावीस श्रुती आकड्यांत बसवल्या आणि 1910 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. प्रयोगांना गळा होता अब्दुल करीम खाँ यांचा, जे पुढे मिरजेचे झाले. ई. क्लेमंट्स नावाचे आयसीएस अधिकारी देवलांच्या मदतीला होते. दोघांच्या हिशेबानं जास्तीचे स्वर असलेली श्रुती हार्मोनियम इंग्लंडमध्ये बनवून घेतली गेली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडलीही, पण जाणकारांना ती पटली नाही. मला देवलांचं अपयश फेंडरच्या पहिल्या डिझाइनपेक्षा जास्त जवळचं वाटतं. त्यांनी दोन पायऱ्यांच्या मधे आणखी पायऱ्या घातल्या. बावीस पायऱ्यांचा जिनाही जिनाच असतो, त्याची घसरगुंडी होत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच करतो: सँपलिंग वाढवतो आणि वक्र सापडला म्हणतो.

सतारीनं हा प्रश्न बोटानं सोडवला. पडदा वाकडा, तार आडवी ओढायला भरपूर जागा, बाजाची तार पाच स्वरांपर्यंत ओढता येते आणि घोडी ठोकल्यासारखी स्थिर. माझ्या गिटारवर तसं करता येत नाही. मी एक तार ओढली की ओढा वाढतो, ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. खालचा सा धरून वर मींड घ्यायची म्हटलं तर सा स्वतःच घसरतो. भजनात हे कसं ऐकू येतं ते मी सांगत नाही.

एकादशी हुकली. पुण्यातल्या एका दुकानात दाखवली तर त्यांनी ठोकळ्यामागे लाकूड ठोकून ब्रिज कायमचा बंद करायचा सल्ला दिला. तो वाईट नव्हे, एरिक क्लॅप्टनच्या गिटारचा ब्रिज असाच बंद असतो, पाचही स्प्रिंगा लावून. पण मग दांडीचं काय? तेवढ्यात आत्याचा तंबोरा जवारीसाठी मिरजेला न्यायचा होता, तेव्हा गिटारही गाडीत टाकली.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालतं. मूळची शिकलगार घराणी, हत्यारांना धार लावणारी. हत्यारांचा जमाना सरला तसे फरीदसाहेब आणि त्यांच्यासारखे कारागीर वाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी ज्या चाचांकडे गेलो त्यांनी आधी तंबोरा पाहिला, गिटारकडे ढुंकूनही नाही. मग झाकण उघडं बघून त्यांनी एका स्प्रिंगवर नखानं टिचकी मारली आणि कान जवळ नेला. टिंग.

"ही तर तुमची तरफ आहे की," ते म्हणाले.

सतारीच्या पडद्याखाली ज्या न छेडता झंकारतात त्या तरफेच्या तारा. गिटारवाले याच झंकाराला वैतागून स्प्रिंगांमधे कापसाचा नाहीतर फोमचा बोळा घालतात. चाचा ज्या आवाजासाठी दिवसदिवस घालवतात तो आम्ही कोंबून बंद करतो. आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तरफ म्हणजे लीव्हर. ते ज्याच्याविषयी बोलत होते ते आणि मी ज्याच्याशी झगडत होतो ते, दोन्हींना एकच शब्द. मी चाचांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग गज ज्या बाजूला जड तिथनं सुरू करा," आणि जवारी घासायला लागले.

घरी येऊन नीट हिशेब केला. 440 चं 430 केलं की सूर जवळपास सव्वादोन टक्क्यांनी उतरतो, पण ताण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साधारण साडेचार टक्क्यांनी. 38 किलोंतले सुमारे पावणेदोन किलो गेले. तेवढ्यानं स्प्रिंगा जिंकतात आणि ब्रिजची मागची कड बसते. मी प्रत्येक वेळी खुंट्यांकडून सुरुवात करत होतो. जड बाजू स्प्रिंगांची होती.

चार जुनी एटीएम कार्डं ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवली, तीन मिलिमीटरची उंची पक्की झाली. आता ब्रिज खाली बसू शकत नाही, म्हणून एक तार लावताना दुसरी हलत नाही. सहाही तारा पेटीला लावल्या. मग पंजाचे दोन स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत गेलो. कार्डं घट्ट होती ती एका क्षणी सहज निघाली, आणि सूर तिथंच राहिले.

स्प्रिंगा किती आणि कशा, यावर गिटारवाले रात्र रात्र भांडतात. माझं मत: पाच लावा नाहीतर तीन, तरंगत्या ब्रिजला एकूण ओढा तेवढाच लागतो. तीन असतील तर प्रत्येक जास्त ताणली जाते, पण दांडी हाताला मऊ लागते. पाच असतील तर दांडी कडक, मात्र तार ओढल्यावर बाकीच्या कमी घसरतात. कडेच्या दोन तिरप्या लावल्या तर किंचित जास्त ताणतात, इतकंच. पंजा तिरका ठेवून जाड तारांना जास्त ओढ मिळते हे मला पटत नाही. ठोकळा एकसंध आहे, त्याला कुठली स्प्रिंग कुठल्या तारेची ते कळत नाही. मी तीनच ठेवल्या, सरळ. बोटानं मींड घ्यायची सोडली आणि दांडीनं घ्यायला लागलो. सगळ्या तारा एकत्र उतरतात आणि एकत्र परततात, वारकरी गळा शेवटच्या ओळीला सोडतो तसं काहीसं. हवाईयन गिटारच्या सरकत्या सुरासारखंही.

कोयनेच्या पावसात स्प्रिंगांना दोन महिन्यांत गंज धरतो, हे कुठल्या पेटंटात लिहिलेलं नाही. आता झाकण उघडंच असतं आणि आत थोडं शिवणमशिनचं तेल.

कार्तिकी एकादशीला परत बसलो. दुसऱ्या अभंगाच्या शेवटी मी दांडी हळूच दाबून सोडली. आण्णांनी भाता थांबवला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पुढचा अभंग काळी एकऐवजी काळी दोनमध्ये धरला. मी एटीएम कार्डं खिशातून काढली.