मात्योरा ते पोफरण : लोपणाऱ्या गावाची कादंबरी

रशियन साहित्यात 'ग्रामगद्य' या नावाने ओळखला जाणारा कथा-कादंबऱ्यांचा एक प्रवाह आहे. १९५० नंतरच्या तीन दशकांत तो बहरला. सक्तीची सामूहिक शेती, दुसरे महायुद्ध आणि शहरांकडे लागलेली रीघ यांनी पोखरलेले खेडे हा त्याचा विषय. अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांची 'नोवी मीर' या मासिकात १९६३ साली प्रसिद्ध झालेली 'मात्र्योनाचे घर' ही कथा या प्रवाहाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींत गणली जाते. पुढे फ्योदर अब्रामव, वासिली बेलोव, वासिली शुक्शिन आदी खेड्यांतच वाढलेल्या लेखकांनी हा प्रवाह समृद्ध केला. त्या काळी सोव्हिएत राजवट लहान खेड्यांवर 'भविष्य नसलेली गावे' असा शिक्का मारीत होती. ज्या गावाला भविष्य नाही, तेथे शाळा, दुकान, रस्ता कशासाठी द्यायचा, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

या प्रवाहाची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे व्हालेंतिन रास्पुतिन यांची 'मात्योराला निरोप' (१९७६). सायबेरियातील अंगारा नदीच्या एका बेटावर मात्योरा हे गाव आहे. जलविद्युत प्रकल्पाच्या धरणामुळे ते बुडणार आहे आणि गावकऱ्यांना नव्या वसाहतीत जायचे आहे. कथानक एवढेच. परंतु रास्पुतिन यांचे लक्ष प्रकल्पापेक्षा दार्या नावाच्या म्हातारीकडे आहे. पाणी चढण्यापूर्वी दफनभूमी साफ करण्यासाठी आलेल्या माणसांना गावातल्या वृद्धा हुसकावून लावतात. घर जाळले जाणार हे ठाऊक असूनही दार्या त्याच्या भिंतींना चुना देते, जमीन घासून काढते आणि सणासुदीला सजवावे तसे ते सजवते. हे लेखकाने दुरून पाहिलेले दुःख नव्हते. ब्रात्स्क धरणाच्या जलाशयामुळे रास्पुतिन यांचे अतालान्का हे गावही हलवावे लागले होते.

मराठीत या प्रवाहाला समांतर अशी परंपरा आहे, आणि ती रशियन साहित्याची उसनवारी नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळ धनगरांची वाडी ओस पाडतो. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) ट्रॅक्टर येतो आणि नारबा या गड्याच्या जिवाभावाची जनावरे एकेक करून नाहीशी होतात. येथे गाव नकाशावर शाबूत राहते, फक्त त्यातले नाते संपते. मात्योराला सर्वांत जवळची मात्र विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१). धरणग्रस्तांची ही कादंबरी साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. रास्पुतिन यांचे गाव बुडण्याच्या क्षणाशी थांबते. 'झाडाझडती' त्यापुढे जाते आणि विस्थापितांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवताना दाखवते. आपल्याकडे ती गोष्ट अधिक खरी.

विजेसाठी गाव उठण्याची ही कथा मुंबईकर वाचकाला उपनगरी गाडीच्या अंतरावर सापडते. पालघर जिल्ह्यात बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. देशातील या पहिल्या अणुवीज केंद्राच्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली कार्यान्वित झाल्या. प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या आणखी दोन भट्ट्या २००५ व २००६ साली व्यापारी उत्पादन करू लागल्या. या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्यावरची दोन गावे उठवण्यात आली. मासेमारी आणि शेती यांवर जगणारी ही माणसे समुद्रापासून दूर नव्या वसाहतीत गेली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. पोफरणचे नाव मराठी वाचकाला कळले ते प्रामुख्याने बातम्यांतून.

बातमीत घरांचे चौरस फूट येतात, नोकऱ्यांची मागणी येते. आणि त्या आवश्यकच आहेत. परंतु मच्छीमाराची मिळकत बरीचशी अशा जागी असते जिथे तलाठ्याची साखळी पोहोचत नाही. डोल जाळी लावण्याची समुद्रातली ठरलेली जागा, होडी ओढून घेण्याचा किनारा, बोंबील वाळत घालण्याची वाळू, यांचा सातबारा निघत नाही. ज्याचा उतारा नाही, त्याची भरपाई कशी ठरवायची? दार्याच्या चुन्याचाही सरकारी तक्त्यात रकाना नव्हताच. अशा वस्तूंची मोजदाद करण्याचे काम कादंबरी करू शकते.

तरीही लोपणाऱ्या गावाविषयी हळवे होताना सावध राहिलेले बरे. रशियन ग्रामगद्यावर गतकाळाचे गोडवे गाण्याचा आक्षेप वारंवार आला, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. दलित लेखकांनी मराठी वाचकाला गावकुसाबाहेरून गाव दाखवले, तेव्हा येथेही तोच प्रश्न उभा राहिला. पालघरच्या बाबतीत तर त्याचे उत्तर गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात आहे. ही कादंबरी नव्हे, अनुभवकथन आहे. १९४५ सालच्या वारली उठावाआधी डहाणू-तलासरी परिसरात वेठबिगारी होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जोडप्यासह राबणारे 'लग्नगडी' होते. ते गाव मोडले याचे दुःख कोणी करावे? एकाच जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या मच्छीमाराचे हरवलेले गाव आणि वारल्याने मोडून काढलेले गाव शेजारी शेजारी आहेत. या भूमीची कादंबरी लिहिणाऱ्याला दोन्ही गावे एकाच पुस्तकात वागवावी लागतील. हे काम रास्पुतिन यांच्यापेक्षा अवघड आहे.

दरम्यान, तारापूरच्या उत्तरेला वाढवण येथील मोठ्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपयांचा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. बंदराची जमीन मुख्यतः समुद्रात भराव घालून तयार व्हायची आहे, म्हणजे त्या जागेवर घरे नाहीत. परिसरातील मच्छीमारांचा विरोध आहे तो तेथे मासळी असते म्हणून.