हिरवी स्मूदी

हिरवी स्मूदी हे कच्च्या पालेभाज्या, फळे आणि पाणी मिक्सरमध्ये वाटून तयार केले जाणारे दाट पेय आहे. २१व्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत त्याचा विशेष प्रसार झाला. कच्च्या आहाराच्या पुरस्कर्त्या व्हिक्टोरिया बुटेन्को यांचे लेखन त्यास साहाय्यभूत ठरले.

कृती

पालक किंवा केल ही कोबीवर्गीय भाजी स्वच्छ धुऊन प्रथम पाण्यासह बारीक वाटतात. नंतर केळी, आंबा, सफरचंद यांसारखी फळे घालतात. केळ्यामुळे दाटपणा येतो, तर फळांच्या गोडीमुळे पानांचा उग्रपणा जाणवत नाही. पाने व फळे यांचे प्रमाण आवडीनुसार बदलता येते.

पोषणमूल्य

रस गाळताना चोथा वेगळा होतो. स्मूदी गाळत नसल्याने तंतुमय पदार्थ पेयातच राहतात. पालेभाज्यांतून फोलेट आणि के जीवनसत्त्व मिळते. लिंबू किंवा संत्रे घातल्यास त्यांतील क जीवनसत्त्वामुळे पानांतील लोहाचे शोषण सुधारते.

दक्षता

पालकात ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असते. पालक उकडून पाणी टाकून दिल्यास ते काही अंशी कमी होते. कच्च्या स्मूदीत मात्र ते तसेच राहते. वाटल्यावर पानांचे आकारमान घटत असल्याने एका पेल्यातून नकळत बरीच पाने पोटात जातात. अशा स्मूदीच्या अतिसेवनानंतर मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. त्यामुळे मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक ठरते. केलमध्ये ऑक्झॅलेट पालकापेक्षा बरेच कमी असते. परंतु दोन्ही भाज्यांतील के जीवनसत्त्व वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा परिणाम कमी करू शकते.