आधी क्रम, मग कात्री

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कविसंमेलनासाठी चाळीस नावे आली होती, जागा वीसच. माझे नाव गळले. विचारले, तर कार्यकर्ता म्हणाला, ‘‘शेखसाहेब, आम्ही कुठे वगळलं? पहिली वीस नावं कॉम्प्युटरनं काढली.’’ यादी आडनावांच्या अकारविल्हे होती. ‘श’ तळाशी. माझ्याबरोबर शिंदे-शिर्केही बाहेरच!

राग ओसरला, कुतूहल उरले. मी पडलो बी.ए.चा माणूस, जाणकारांना विचारत गेलो.

१९७० साली ‘आयबीएम’च्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत साठवण्याची नवी पद्धत मांडली. तिचे मर्म असे, की तक्त्यातल्या ओळींना मुळात क्रमच नसतो. पोत्यातल्या दाण्यांत पहिला दाणा कोणता? १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा जगापुढे ठेवली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ झाली. तिच्यात क्रम हवा असेल तर ‘ऑर्डर बाय’ असे स्पष्ट लिहावे लागते. न लिहिल्यास आज आलेला क्रम उद्या तसाच येईल, याची हमी नाही.

‘एवढ्याच ओळी दे’ हे सांगायला मात्र बरीच वर्षे सर्वमान्य शब्द नव्हता. मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट’, मायक्रोसॉफ्टकडे ‘टॉप’. ओरॅकलमधला ‘रोनम’ तर ओळींना क्रम लागण्याआधीच नंबर देतो. नवखा माणूस सर्वाधिक गुणांचे दहा विद्यार्थी मागायला जातो. यंत्र आधी कोणतेही दहा उचलते आणि मग तेवढ्यांनाच नीट रांगेत उभे करते. यादी दिसते देखणी, पण असते चुकीची. २००८ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘फेच फर्स्ट’ हे शब्द आले. ओरॅकलने ते २०१३ मध्ये स्वीकारले.

तेव्हा कुठे उमगले, की मला यंत्राने वगळले नव्हते. आडनावांचा क्रम माणसाने सांगितला होता, वीसचा आकडाही माणसाचाच. यंत्राने फक्त ऐकले.

पुढच्या वर्षी माझी तक्रार मनावर घेऊन त्यांनी यादी उलटी लावली. मी आत आलो, ‘अ’ची मंडळी बाहेर गेली. व्यासपीठावरून पाहिले, तर माझ्याहून सरस लिहिणारा एक मित्र समोर श्रोत्यांत बसला होता. कविता मात्र दोन्ही वर्षी कुणीच वाचल्या नव्हत्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)