वीज आणि लवण : बेट्टदपुर व लोणार येथील उत्पत्तिकथा

मैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुर या नावाचा अर्थ ‘डोंगराचे गाव’. सपाट मुलखातून एकाएकी वर आलेला हा शंक्वाकृती डोंगर जुन्या गॅझेटियरांनी 4,389 फूट उंचीचा नोंदवला आहे. माथ्यावरचा देव सिडिलु मल्लिकार्जुन. कन्नडमध्ये ‘सिडिलु’ म्हणजे कोसळणारी वीज. ती येथे देवाच्या भेटीला येते, अशी श्रद्धा आहे. मल्लिकार्जुन हे नाव मराठी अभ्यासकाला परके नाही. शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाशी असलेला अनुबंध रा. चिं. ढेरे यांनी उलगडून दाखवला आहेच. प्रस्तुत निबंधात मात्र दैवतापेक्षा भूरूपाचा विचार अभिप्रेत आहे आणि त्यासाठी बेट्टदपुरशेजारी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार ठेवणे उद्बोधक ठरते.

लोणारची कथा सर्वपरिचित आहे. लवणासुर भूमीखालच्या विवरात दडून राहत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींनी मोहित होऊन ठावठिकाणा सांगितला. देवाने पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून त्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त. या दैत्यसूदनाचे यादवकालीन मंदिर गावात उभे आहे.

येथे एक विसंगती लक्षात येते. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर खरोखरच आकाशातून आलेल्या अशनीने घडवले. दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य मानल्या गेलेल्या या विवराचे आघातजन्य स्वरूप 1973 साली ‘सायन्स’मधील शोधलेखाने प्रस्थापित केले. कथा मात्र पाताळाकडे बोट दाखवते. उलट बेट्टदपुरच्या डोंगराच्या घडणीशी आकाशाचा काही संबंध नाही, आणि तेथील देवाच्या नावातच आकाश आहे.

मिथकात प्राचीन घटनेची स्मृती शोधण्याचा मोह आपल्याकडे फार. विवराचे वय सुमारे 50 हजार वर्षे धरले जात होते, तोवर त्या मोहाला थोडी तरी जागा होती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर नेले. आधुनिक मानवाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष जेमतेम 3 लाख वर्षांचे आहेत. तेव्हा लोणारला आठवण ठेवणारा कोणी नव्हताच.

मग कथेने काय वाचले? माझ्या मते, तिने समोर दिसणारे तेवढेच वाचले. बेट्टदपुरला एकाकी शिखरावर पावसाळ्याच्या तोंडी पडणाऱ्या विजा. लोणारला खारट, क्षारयुक्त पाणी. दैत्याचे नावही त्या चवीतूनच जन्मले. उडालेले झाकण म्हणून दूरची एक टेकडी दाखवतात, तीही अशीच : खड्डा आहे, तर त्यातले काढलेले कुठेतरी असणारच, हा तर्क. तो भाबडा म्हणवत नाही. भूवैज्ञानिकही विवरातून उधळलेल्या खडकांचा थर काठाबाहेर शोधत गेले आणि तो त्यांना सापडला.

‘आईन-इ-अकबरी’ तील वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या दोन्ही वाचनांना एकत्र जागा मिळाली आहे : सरोवरात काच व साबण करण्याचे द्रव्य मिळते, त्यातून मोठा महसूल येतो, आणि ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात.