बर्फाचे दप्तर

गावात बांधाचा तंटा निघाला की तोंडी साक्षीने भागत नाही. तलाठ्याचे दप्तर उघडावे लागते. जुने उतारे, जुने फेरफार पाहिले म्हणजे खरे काय ते कळते. हवामानाचेही तसेच आहे. ‘पूर्वी असा पाऊस नव्हता’ असे म्हातारी माणसे म्हणतात. पण त्यांची आठवण साठ-सत्तर वर्षांची. तापमापकाच्या नोंदी फार तर तीनएकशे वर्षांच्या. मग लाखो वर्षांपूर्वीची हवा कोणत्या दप्तरात पाहायची? ते दप्तर निसर्गाने बर्फात जपून ठेवले आहे. ते माणसाला कसे सापडले, हे आज सांगायचे आहे.

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वतात बान्य नावाचे एक खोरे आहे. तेथे पेरोदँ नावाचा डोंगरी शिकारी राहत असे. १८१५ साली शारपांतिये हे खाणकामातले जाणकार गृहस्थ त्याच्या झोपडीत रात्रीपुरते उतरले. बोलता बोलता पेरोदँ म्हणाला, की आमची हिमनदी पूर्वी पार खालपर्यंत पसरलेली होती. कारण खाली जे प्रचंड धोंडे पडले आहेत, ते पाण्याने वाहून येणे शक्य नाही. शारपांतिये यांना ही गोष्ट विचारात घेण्याजोगीही वाटली नाही. पुढे व्हेनेट्झ या इंजिनियराने तेच म्हणणे पुराव्यानिशी मांडले, तेव्हा कुठे त्यांना ते पटले. त्यांच्याकडून ते लुई आगासी या प्राध्यापकांना पटले, आणि १८३७ साली त्यांनी विद्वानांच्या सभेत सांगितले, की एके काळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता. ‘हिमयुग’ ही कल्पना अशी रूढ झाली. एका शिकाऱ्याची डोळस नजर तिच्या मुळाशी होती, हे आपण विसरू नये.

पण बर्फ होता एवढे कळून भागेना. थंडी किती होती, हे कसे मोजायचे? १९५२ साली कोपनहेगनमध्ये विली डान्सगार्ड यांनी बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळे खोचून ती हिरवळीवर ठेवली आणि पावसाचे पाणी धरले. पाण्यातला काही प्राणवायू थोडा जड असतो. असे जड पाणी वाफ होऊन कमी उडते आणि ढगातून आधी गळते. म्हणून हवा जितकी थंड, तितका ध्रुवाकडच्या हिमात जड प्राणवायू कमी. म्हणजे जुना बर्फ हाच जुना तापमापक झाला, म्हणाना!

ध्रुवप्रदेशात दरसालचे हिम आदल्या सालच्या हिमावर पडते, दबते आणि त्याचा बर्फ होतो. जणू पानावर पान. १९६६ साली ग्रीनलंडमधील अमेरिकन लष्करी तळावर सुमारे १,३९० मीटर खोल भोक पाडून बर्फाची कांडी बाहेर काढली. तीत एक लाख वर्षांहून जुनी पाने निघाली.

दबताना बर्फात हवेचे बुडबुडेही कोंडले जातात. १९६५ साली अंटार्क्टिकात क्लोद लोरियस या फ्रेंच शास्त्रज्ञाने जुन्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीच्या पेल्यात टाकला. बुडबुडे फुटताना पाहून त्यांच्या मनात आले, की ही तर त्या काळची हवाच सुटते आहे! पुढे अंटार्क्टिकातील खोल कांड्यांमधून सुमारे आठ लाख वर्षांचा हिशेब लागला. थंडीच्या युगात हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, १८० भागांच्या आसपास असे. उबेच्या युगात २८० च्या आसपास. या आठ लाख वर्षांत तो कधीही ३०० च्या फारसा वर गेलेला नाही. १९५८ साली हवाई बेटावर तो ३१५ भरला. आज तो ४२० च्या वर आहे.

कुणी चौकस विद्यार्थी विचारील, ‘गुरुजी, पूर्वीही युगे बदललीच ना? तेव्हा कुठे कारखाने होते?’ प्रश्न रास्त आहे. पृथ्वीच्या भ्रमणात सावकाश पडणाऱ्या फरकाने तेव्हाची सुरुवात होई, आणि वाढलेला कर्बवायू ती ऊब आणखी वाढवी. या वेळी सुरुवातच कर्बवायूने झाली आहे, आणि तो आपण जाळलेल्या कोळशातून व तेलातून आलेला आहे. आपल्या गोदा-कृष्णा बर्फावर पोसलेल्या नाहीत, हे खरे. पण तापलेली हवा अधिक बाष्प धरते, आणि पाऊस पडतो तेव्हा धो-धो कोसळतो.

या कामात आपलाही हात आहे. डिसेंबर १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. आज वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकातील बर्फाच्या कांड्या अभ्यासल्या जातात.

आता पुन्हा बान्य खोऱ्याकडे वळू. त्याच्या माथ्यावरच्या कोर्बासिएर हिमनदीतून २०१८ साली काढलेल्या कांडीत सालोसालच्या नोंदी स्वच्छ वाचता येत होत्या. २०२० साली पुन्हा कांडी काढली, तर वितळलेले पाणी आत झिरपून त्या बहुतेक धुऊन गेलेल्या. अवघ्या दोन वर्षांचे अंतर! पेरोदँने पाहिले तसले धोंडे कुणालाही पुन्हा पाहता येतात. पण बर्फातले धुतले गेलेले पान पुन्हा लिहिता येत नाही. त्याची दुसरी नक्कल कुठल्याही कचेरीत नाही.