ऐच्छिक : आठवीच्या फॉर्मवरील एका रकान्याचा इतिहास

१/ जून महिना. ठाण्याचे नौपाडा, कल्याण, डोंबिवलीचे टिळकनगर. मराठी माध्यमाच्या शाळांत आठवीत गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एक लहानसा फॉर्म पडतो. प्रश्न एवढाच असतो : संपूर्ण संस्कृत, हिंदी-संस्कृत संयुक्त, की संपूर्ण हिंदी? खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. घरात त्यावर दोन दिवस खल चालतो. संस्कृतला गुण भरपूर पडतात, शेजारच्या मुलीला पडले होते, मग शंभराचे घ्यावे की पन्नासाचे? भाषेविषयी सहसा कुणी बोलत नाही. या रकान्याला ‘ऐच्छिक’ म्हणतात. इच्छा नेमकी कुणाची, हा प्रश्न मात्र मुंबई विद्यापीठाइतकाच जुना आहे.

२/ मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. परीक्षार्थ्याला इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा निवडावी लागे. ग्रीक, लॅटिन, संस्कृत, अरबी, फारसी यांच्या पंक्तीला मराठी-गुजरातीही होत्या. महाराष्ट्रातल्या शालेय ‘ऐच्छिक’ विषयाचा उगम येथे सापडतो.

३/ ही पंगत फार काळ टिकली नाही. १८६० च्या दशकातच विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या आणि मान अभिजात भाषांकडे गेला. साहजिकच ज्याला पुढे महाविद्यालयात जायचे, त्याने शाळेतच संस्कृत वा फारसी धरणे शहाणपणाचे ठरले. मराठीला विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून रानड्यांनी अनेक वर्षे खटपट केली. १९०१ मध्ये, त्यांच्या निधनाच्या सुमारास, एम.ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. म्हणजे मराठी मुलुखाच्या विद्यापीठात मराठी वरच्या वर्गाला परतली ती जवळजवळ चार दशकांनी.

४/ दरम्यान संस्कृतची शालेय घडी नीट बसली होती. भांडारकर काही काळ रत्नागिरीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते; हायस्कुलातल्या मुलांसाठी त्यांनी लिहिलेली संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली. पाठशाळेतली पाठांतराची विद्या इंग्रजी शाळेच्या तासिकेत बसवण्याचे काम त्या पुस्तकांनी केले. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने मॅट्रिकच्या संस्कृतात अव्वल येणाऱ्यास शिष्यवृत्ती सुरू झाली. ‘शंकरशेट स्कॉलर’ ही बिरुदावली मराठी मध्यमवर्गात आजही वजन राखून आहे. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, हे या शिष्यवृत्तीचे मानकरी.

५/ त्याच शिष्यवृत्तीच्या काळात, त्याच मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कुलात सातारहून आलेल्या एका सुभेदाराची दोन मुले शिकत होती. थोरल्याला संस्कृत घ्यायचे होते, धाकट्यालाही. शाळा सरकारी होती, नियमात बंदी कुठेही लिहिलेली नव्हती. परंतु अस्पृश्य मुलांना संस्कृत शिकवण्यास शिक्षक राजी नव्हते. दोघांना फारसी घ्यावी लागली. धाकटा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

६/ हा प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रांत येतोच, पण बहुधा अपमानाच्या मालिकेतला एक मणी म्हणून येतो. शिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळे आहे. पाणवठ्यावरची बंदी उघड होती. इथे मात्र कागदावर पर्याय होता, वर्गात शिक्षक होता, पुस्तक होते, आणि विद्यार्थ्याची इच्छाही होती. तरी निवड झाली ती शिक्षकाची. तिचे पडसाद लांबवर गेले : १९१३ मध्ये आंबेडकर बी.ए. झाले ते इंग्रजी आणि फारसी घेऊन. संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने आत्मसात केले. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा १९४६ चा ग्रंथ वेद, ब्राह्मणे आणि स्मृती यांच्या चिकित्सेवर उभा आहे. ज्या वाङ्मयाचा वर्ग शाळेने नाकारला, त्याच वाङ्मयाची अशी उलटतपासणी करणारा दुसरा मॅट्रिक विद्यार्थी शोधून सापडणे कठीण.

७/ पालीची कथा याला समांतर जाते. धर्मानंद कोसंबी बौद्ध वाङ्मयाच्या ओढीने गोव्यातून निघाले, श्रीलंकेपर्यंत जाऊन पाली शिकले आणि १९१२ पासून सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवत राहिले. पाली आणि अर्धमागधी या दोन भाषा हळूहळू शालान्त परीक्षेच्या यादीतही आल्या. अर्धमागधीची ख्याती मात्र ‘संस्कृतपेक्षा सोपी’ एवढीच उरली, हे तिचे दुर्दैव. जैन आगमांची भाषा गुणांच्या हिशेबाने घेतली गेली आणि त्याच हिशेबाने पुढे सोडलीही गेली.

८/ आता मुलींकडे. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत परीक्षार्थ्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम होते. त्यात स्त्रियांचाही समावेश होतो, असा निर्णय होण्यास १८८३ उजाडले. सर्वनामाचा तिढा सुटला, विषयांचा सुटला नाही. पुण्यात १८८४ साली हुजूरपागा सुरू झाली तेव्हा मुलींना मुलांचाच अभ्यासक्रम द्यावा काय, यावर वृत्तपत्रांतून रण माजले. टिळकांचा ‘केसरी’ अशा अभ्यासक्रमाच्या विरोधात होता. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेचे माध्यम आणले, हे मोठे पाऊल होते. त्याच अभ्यासक्रमात गृहव्यवस्था आणि आरोग्य हे विषयही आले. पुढची कित्येक दशके अनेक शाळांत मुलींची पावले बीजगणित-भूमितीऐवजी अंकगणित आणि गृहशास्त्र यांकडे वळत राहिली. सक्ती कुणी केली नाही. वेळापत्रकच तसे आखलेले असे.

९/ या साऱ्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे : हायस्कूल कशासाठी? १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यांचा भर प्राथमिक शिक्षणावर होता. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीची मूलतत्त्वे, नीती आणि आरोग्य, असा अभ्यासक्रम त्यांनी मांडला. शेतकऱ्याच्या पोराला ज्याचा उद्या उपयोग, ते आज शिकवा, असा त्यामागचा रोख.

१०/ आयोगाने हायस्कुलापुरता एक तोडगा सुचवला. वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात : एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे. मुंबई इलाख्यात सरकारी नोकरीसाठी ‘स्कूल फायनल’ नावाची वेगळी परीक्षाही आली. पण देशभर दुसऱ्या वाटेला गर्दी झालीच नाही. पालक अडाणी म्हणून नव्हे. त्यांनी हिशेब अचूक केला होता : पहिल्या वाटेवरून नोकरी आणि महाविद्यालय दोन्ही गाठता येत, दुसरीवरून परत फिरता येत नसे.

११/ स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून गेली. मुंबई राज्याने १९४८ मध्ये शालान्त परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले आणि ‘एस.एस.सी.’ ही अक्षरे घरोघर पोचली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने हंटरची कल्पना नव्या थाटात मांडली. वाटा दोन नव्हे, सात : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला, गृहविज्ञान. एकाच छताखाली हे सारे देणाऱ्या ‘बहुउद्देशीय’ शाळा निघाव्यात, अशी शिफारस होती.

१२/ ठाणे-कल्याण पट्ट्यात या सातांपैकी एका वाटेला खरोखर जीव आला, आणि ती म्हणजे ‘टेक्निकल’. कारण पुस्तकात नव्हते, रेल्वेच्या रुळालगत होते. ठाण्याला रेल्वे १८५३ मध्ये आली, कल्याणला १८५४ मध्ये. कल्याण जंक्शन झाले. पुढे अंबरनाथची आयुधनिर्माणी, शहाडचा रेयॉनचा कारखाना, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची ठाण्यातली वागळे इस्टेट, पाठोपाठ डोंबिवलीची एम.आय.डी.सी. शिफ्टचा भोंगा ऐकत वाढलेल्या मुलाला कानस, पकड आणि यांत्रिक रेखाटनाचा तास परका वाटत नसे. पदविका अभ्यासक्रमांत टेक्निकलवाल्यांसाठी काही जागा राखून ठेवल्या गेल्याने ही वाट बंद गल्ली ठरली नाही. हंटरच्या दुसऱ्या वाटेत नेमकी हीच उणीव होती.

१३/ त्याच पट्ट्यात भाषेच्या निवडीचा एक निराळा अध्याय घडला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. मुलांसाठी सिंधी शाळा निघाल्या, आणि तिथे प्रश्न उभा राहिला लिपीचा : सिंधी अरबी वळणाच्या लिपीत शिकवायची की देवनागरीत? आजोबांची पत्रे वाचता यावीत की भोवतालच्या पाट्या? १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली, तोवर अनेक घरांनी वादात न पडता इंग्रजी माध्यम धरले होते. डोंबिवलीतही कर्नाटक संघ आणि केरळीय समाज यांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या. ज्या डोंबिवलीला सर्रास एकरंगी मराठी गाव समजले जाते, तिच्या शाळांचा नकाशा तसा नाही.

१४/ मग आठवीच्या फॉर्मवर आज तीनच चौकोन का? उत्तर १९६४-६६ च्या कोठारी आयोगात आहे. दहावीपर्यंत फाटे फोडू नयेत, गणित-विज्ञान सर्वांनी शिकावे, ही त्याची भूमिका होती. महाराष्ट्राने १०+२+३ चा आकृतिबंध स्वीकारला. १९७५ मध्ये जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन्ही एस.एस.सी. परीक्षा झाल्या. अंकगणित घेऊन बीजगणित टाळण्याची सोय गेली, मुलींना गृहशास्त्राकडे वळवणारी वाटही अरुंद झाली. समतेच्या दृष्टीने हे पाऊल हंटर-मुदलियारांच्या वाटांपेक्षा निःसंशय मोठे. किंमत अशी की शाळेतली निवड आकसून जवळजवळ भाषेपुरती उरली, आणि सारी स्पर्धा त्या एका रकान्यात येऊन कोंबली गेली.

१५/ खरी निवड अकरावीवर ढकलली गेली. तिथे १९७० च्या दशकाअखेरीपासून व्यवसाय शिक्षण आले. त्यातले ‘बायफोकल’ विषय म्हणजे या सगळ्या इतिहासातला गमतीचा भाग. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्राचे दोनशे गुण. बदल्यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटे. हेतू होता हाताला कौशल्य देण्याचा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि इंजिनीअर होण्याची लाट उसळली. बायफोकल मग गुण मिळवून देणारा आणि भाषेचा अभ्यास वाचवणारा विषय म्हणून नावाजला. सरकारने बांधलेली दुसरी वाट पालकांनी अलगद वळवून पहिलीलाच जोडली.

१६/ २००९ पासून मुंबई महानगर क्षेत्रात, म्हणजे ठाणे-कल्याण-डोंबिवलीतही, अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. २०२५ मध्ये ती पद्धत राज्यभर गेली. शाखा आणि महाविद्यालय यांचा पसंतीक्रम विद्यार्थी भरतो, जागा गुणानुक्रमे मिळते. एल्फिन्स्टनच्या त्या शिक्षकाला इथे जागा नाही, ही गोष्ट लहान नाही. पण ९१ टक्क्यांवर ‘कला’ लिहिणाऱ्या मुलीला आजही घरी खुलासा द्यावा लागतो.

१७/ एक शेवटचा धागा, कारण त्याची चर्चा क्वचितच होते. मंडळाच्या विषययादीत पाली, अर्धमागधी, अरबी, फारसी, अवेस्ता-पहलवी, जर्मन, फ्रेंच, रशियन अशी नावे ओळीने आलेली आहेत. कुणी ठरवून ती पुसलेली नाहीत. परंतु अनुदानित शाळेत शिक्षक मिळतो तो संचमान्यतेनुसार, आणि संचमान्यता ठरते पटावरून. मुले नाहीत म्हणून शिक्षकाचे पद नाही, शिक्षक नाही म्हणून पुढच्या वर्षी मुले नाहीत. अर्धमागधीचे शिक्षक निवृत्त होत गेले तसतशी शाळेच्या सूचनाफलकावरची यादी आखूड होत गेली, आणि आठवीचा फॉर्म छापताना त्या भाषेचा चौकोन वगळण्यासाठी कुणाच्याही ठरावाची गरज पडली नाही.