पदवीधर पोलीस आणि पगाराची वाढ

पोलीस शिपायास अंगबळ हवें कीं विद्या हवी, हा प्रश्न अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभींच निघाला. कॅलिफोर्नियांतील बर्कली या विद्यापीठाच्या गांवीं ऑगस्ट व्होल्मर हे १९०५ सालीं मार्शल म्हणून निवडून आले. त्यांचें स्वतःचें शालेय शिक्षण बेताचेंच होतें. तरी त्यांनीं १९०८ सालीं आपल्या शिपायांसाठीं शाळा काढली आणि पुढें महाविद्यालयांतील तरुणांस मुद्दाम बोलावून खात्यांत घेतलें. गुन्ह्याचा तपास हें एक शास्त्र आहे व तें शिकावें लागतें, अशी त्यांची धारणा होती.

हा विचार सरकारदरबारीं पोंचावयास मात्र बरींच वर्षें लागलीं. अध्यक्ष जॉन्सन यांनीं नेमलेल्या आयोगानें १९६७ सालीं सुचविलें कीं, कायद्याच्या अंमलबजावणीचा अधिकार ज्याच्या हातीं आहे असा प्रत्येक पोलीस अखेरीस पदवीधर असावा, हें ध्येय ठेवावें. पुढल्याच वर्षींच्या कायद्यान्वयें पोलिसांच्या शिक्षणासाठीं कर्जें व अनुदानें मिळूं लागलीं. फीची सोय झाली. परंतु रात्रपाळी करून थकलेल्या माणसानें वर्गांत जाऊन कां बसावें?

मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९७० सालीं याचें उत्तर पगाराच्या रूपानें दिलें. रॉबर्ट क्विन हे तेव्हां तेथील अ‍ॅटर्नी जनरल होते. त्यांच्या नांवावरून हा कायदा ‘क्विन बिल’ म्हणून ओळखला जातो. त्याचे जे दर पुढें रूढ झाले ते असे : दोन वर्षांची पदवी मिळविणारास मूळ वेतनावर दहा टक्के, चार वर्षांची मिळविणारास वीस टक्के, आणि उच्च पदवी किंवा कायद्याची पदवी मिळविणारास पंचवीस टक्के. ही योजना पत्करावी कीं नाहीं, हें प्रत्येक नगरानें ठरवावयाचें. पत्करल्यास वाढीव खर्चाचा अर्धा भाग राज्यानें नगरास परत द्यावयाचा.

शिपाई वर्गांत येऊं लागले. परंतु त्याबरोबर एक अडचणहि आली. कसून शिकविणाऱ्या महाविद्यालयाची पदवी असो वा सैल हातानें गुण देणाऱ्याची, टक्के तेच! पोलिसांच्या उच्च शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या एका आयोगानें १९७८ सालीं अशा अभ्यासक्रमांवर कडक टीका केली. त्यांत नोकरीच्या कसबावर भर फार आणि व्यापक विद्येवर थोडा, असा त्याचा आक्षेप होता. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? मॅसॅच्युसेट्समध्येंहि पुढें उच्च शिक्षण मंडळास अभ्यासक्रमांच्या कसोट्या ठरवाव्या लागल्या.

विद्येचा उपयोग मुळींच झाला नाहीं, असें मात्र नव्हे. दोन अमेरिकन शहरांतील पोलिसांच्या वर्तनावर २०१० सालीं एक संशोधन प्रसिद्ध झालें. उच्च शिक्षण घेतलेले पोलीस बळाचा वापर कमी करतात, असें त्यांत आढळलें. अटका आणि झडत्या यांत मात्र शिक्षणानें फरक दिसला नाहीं.

योजनेला खरा धक्का बसला तो पैशाच्या बाजूनें. आर्थिक मंदींत, २००९ सालीं, राज्यानें आपल्या वाट्याला मोठी कात्री लावली. त्या वर्षाच्या १ जुलैपासून नोकरींत येणाऱ्यांस या योजनेचें दार बंद झालें. बोस्टनचे पोलीस न्यायालयांत गेले. राज्याचा वाटा आला नाहीं तर तो नगरानें भरून काढलाच पाहिजे असें बंधन नाहीं, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं दिला. वीस टक्क्यांच्या भरंवशावर ज्यानें चार वर्षांचा अभ्यास पुरा केला, त्याच्या हातीं राज्याचा वाटा आटतांच दहाच टक्के उरावयाचे.

पगार वाढवून माणसास वर्गापर्यंत आणतां येतें, हें या इतिहासानें दाखविलें. परंतु वर्गांत काय शिकविलें जातें, हें पाहणारा कोणी तरी हवा. आणि दिलेला शब्द मंदीच्या वर्षींहि पाळणारा धनको हवा. यांतला पहिला नसेल तर जनता फसते. दुसरा नसेल तर शिकलेला शिपाई फसतो, आणि त्याचा अनुभव ऐकून त्याच्या पाठीमागून येणारा पुस्तक उघडावयास कचरतो.